झाडाला गजकर्ण

"सर, झाडाला गजकर्ण होतं का?"

हा प्रश्न विचारून दाखवलास तर तुला मानू, असं अलिना आणि निकेतनं प्रार्थनेच्या रांगेतच अमिषाला सांगून ठेवलं होतं. गेल्या वर्षीची अमिषा असती तर बाकाखाली शिरली असती. पण ऑगस्टात वक्तृत्वात तिचा दुसरा नंबर आला (स्पर्धक तिघेच होते, तेवढं ती सांगत नसे) आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप उरलं नव्हतं. झाडांवर बोलायला आलेल्या रोपवाटिकावाल्या तुकाराम सरांना तिनं नववीच्या भरल्या वर्गात खणखणीत विचारून टाकलं.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "कुणाच्या झाडाला झालंय?"

इथे अमिषाचा रुबाब उतरला. कारण झालं होतं ते तिच्याच झाडांना, आणि कालच आजाचं गजकर्णाचं मलम मुळापाशी चोपडताना या दोघा मित्रांनी तिला पकडलं होतं.

गोष्ट अशी होती. घरामागच्या परसात पेव्हर ब्लॉक घालून टेम्पो उभा करायचा, असं बाबांनी ठरवलं होतं. अमिषा आडवी आली. "दिवाळीपर्यंत थांब. अकरा झाडं जगवून दाखवते. न्हाय जगली तर घाल तुझे ब्लॉक."

"आणि जगली तर परस तुझं," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "हिला स्वतःचा डबा धुवायचं आठवत न्हाय." पण सौदा झाला.

झाडांच्या बुडाशी लाकडाचा चुरा पसरला की ओल टिकते, हे तिनं व्हिडिओत पाहिलं होतं. बाबांनी न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डातून मोडक्या लाकडी पॅलेटांच्या चुऱ्याची सहा पोती आणली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग अमिषानं डोकं चालवलं.

तिचा आजा नामा याचा जन्म मिठागरात गेलेला. तिनं त्याला विचारलं, "आजा, जमीन चांगली बसवायची तर कशी?"

"पायांनी तुडवायची, मग चोपण्यानं बडवायची. पाण्याचा थेंब खाली झिरपला न्हाय पायजे."

मिठाच्या वाफ्यासाठी याहून चांगला सल्ला जगात नसेल. झाडांचं ती बोलली नाही, आणि त्यानं विचारलं नाही. तिनं फोनवर हळदीची गाणी लावली आणि चुऱ्यावर दोन तास नाचली. वरून आजाच्या लाकडी चोपण्यानं असं बडवलं की त्यावर कॅरम खेळता आला असता. फोटो काढून तिनं मैत्रिणींना पाठवला आणि खाली स्वतःच लिहिलं, "शिका काहीतरी."

पंधरा दिवसांत चुऱ्यात पांढरे धागे पसरले. मग छत्र्या उगवल्या. एका सकाळी जास्वंदीच्या बुडाशी असा पिवळा फेस दिसला, जणू कुणी कालची खिचडी तिथं टाकली होती. पानं पिवळी पडू लागली. अमिषानं पाणी दुप्पट केलं, आणि शेवटी ते मलम.

यातलं निम्मं तिनं वर्गात सांगितलं. उरलेलं निकेतनं सांगितलं.

"बुरशी लाकूड खाते, पोरी, तुझी झाडं न्हाय," तुकाराम सर म्हणाले. "तिला जेवू दे. तू घालतेस ते पाणी कुठं जातं?"

अमिषानं आठवून पाहिलं. "शेजारच्या केळीकडं, सर. केळ एकदम मस्त हाय."

आता सरही हसले. "मग केळच जगवतेस तू. तो थर फोड. दाताळं घालून मोकळा कर. चार बोटांहून जाड ठेवू नको, आणि खोडापासून वीतभर लांब."

शाळा सुटल्यावर ती थेट परसात गेली. दाताळं आत शिरेना, तेव्हा पहार घेतली. चुरा भाकरीसारखा तुकड्यातुकड्यांनी निघाला, आणि खालची माती कोरडी ठाक होती. आदल्या दिवशीच पावसाची सर पडून गेली होती, तरी.

पायरीवरून आजा बघत होता. "काय गो, काय चाललंय?"

"तू सांगितलेलं मोडतेय."

"मी मीठ पिकवायचं सांगितलं. तू झाडं लावलीस, त्याला मी काय करू?"

सहा दिवस ती चुरा हलवत राहिली. हाताला फोड आले, ते तिनं वर्गात सगळ्यांना दाखवले. मोगऱ्याला कोंब फुटला, लिंबालाही. पण जास्वंदीसकट चार झाडं वाळून काटकी झाली.

"नर्सरीतून चार रोपं आण आणि रोव," अलिना म्हणाली. "तुझ्या बाबाला काय कळतंय?"

काही कळलं नसतं, हे खरं होतं. बाबांना कढीपत्ता आणि कडुनिंब एकच वाटायचा. अमिषा दोन दिवस तोच विचार करत होती. गुपचूप जिंकण्यापेक्षा तोंड उघडून हरलेलीच बरी, असं तिला वाटलं. निदान बोलायला मिळतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बाबा मोजायची टेप घेऊन परसात आले, मागोमाग आई.

"अकरातली किती?"

"सात," अमिषा म्हणाली. "पैज मी हरले. चार झाडं माझ्याच पायांनी मेली, बुरशीनं न्हाय. म्हणून मी ठरवलंय. ती मेली त्या बाजूला ब्लॉक घाल, टेम्पोचं तोंड तरी आत येईल. सात झाडांची बाजू मी देणार न्हाय, तू कितीही मोज. आणि तिथं कुणी पाय ठेवायचा न्हाय, आई तू पण न्हाय. मी तर अजिबातच न्हाय."