आईचे कच्चे टाके

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिच्या शिवणाच्या दुकानात चाळीस कापडी फलकांचं काम आलं. छापलेल्या कापडाचे दोन-दोन पट्टे मधोमध जोडायचे, एवढंच. जोडले की लाल अक्षरांत वाचता यायचं: 'घर वाचवा'.

वाचवायचं ते आमच्यासारख्यांपासून. दोन बायकांनी मिळून संसार थाटला तर तो गुन्हा, असा कायदा येऊ घातला होता. त्याच्या बाजूने मोर्चा निघायचा होता.

काम घेऊन आलेला पुढारी आमच्याच गल्लीतला. शाळेत असल्यापासून त्याच्या विजारी आईनेच शिवलेल्या. आई कापड चाचपत म्हणाली, "घर वाचवायचं तर छपराला ताडपत्री शिवून देते की. फलकाने गळती थांबते होय?"

तो हसला. "मावशी, तुमच्या जिभेपुढे कात्री बोथट. जमेल ना पण?"

आईने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायची तिची तयारी होती, फक्त शब्द माझ्या तोंडून यायला हवा होता. मी ग्रंथालयात नोकरी करते. देशोदेशीच्या धीट माणसांची चरित्रं वाचलीत. मी म्हणाले, "जमेल. न जमायला काय झालं?"

नाही म्हटलं असतं तर त्याने कारण विचारलं असतं, आणि कारण शोधता शोधता तो शिडीपर्यंत पोचला असता.

शिडी म्हणजे जिच्यासोबत मी आठ वर्षं राहते ती. हे नाव आईने ठेवलेलं. माळ्यावरचे तागे ती नुसता हात उंचावून काढते म्हणून. आईला मी सांगितलं होतं, "माझ्या खोलीत राहते." आईने पुढे विचारलं नाही, मीही तोंडात मिठाची गुळणी धरली.

पुढारी गेल्यावर आई म्हणाली, "शिडीला विचारलंस?"

"तिचा काय संबंध? आपण बरं, आपलं काम बरं."

आईने बराच वेळ चष्मा पुसला. मग मशीनकडे न जाता सुईदोरा घेतला. "आज हातानेच करते. खडखड नको डोक्याला."

संध्याकाळी मी निघाले तेव्हा फलकांची चवड रचून झाली होती. "शिडीचा निळा कोट घेऊन जा," आई म्हणाली. "बाह्या लांब केल्यात. बिचारीची मनगटं उघडी पडतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच आई गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

आठवड्याने, मोर्च्याच्या आदल्या दिवशी, मी चवड उघडली. बोटभर लांबीचे कच्चे टाके. टोकाला गाठ नाही. लोकांची कच्ची शिवण दिसली तरी उसवून फुकट शिवून देणारी माझी आई! वाऱ्यावर धरताच एकेक फलक भर रस्त्यात मधोमध दुभंगला असता.

मी मशीनवर बसले आणि चाळिसांवर दुहेरी टीप मारली. आईला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून, असं स्वतःला सांगत होते. शिडी आली, निळ्या कोटात.

"काय करतेयस?"

"आईचं अर्धं राहिलेलं पुरं करतेय," मी म्हणाले. मान वर केली नाही.

मोर्च्यानंतर दोन दिवसांनी पुढारी हजर. "ताई, काय हात होता मावशींचा! एवढा वारा, पण एक टाका सुटला नाही. आणखी साठ लागतील. कराल ना, त्यांच्यासारखे?"

शिडी माळ्यावरून तागा काढत होती. आईचा चष्मा अजून मशीनवरच होता.

"ते टाके आईचे नव्हते," मी म्हणाले. "तिने उसवतील असेच घातले होते. पक्की टीप मी मारली."

"म्हणजे? मावशी असं कशाला करतील?"

शिडीचा हात वरच थांबला.

"हिच्यासाठी," मी म्हणाले. "ही नुसती माझ्या खोलीत राहत नाही. आमचं घर आहे, आम्हा दोघींचं. आईला ते ठाऊक होतं. मीच तिला कधी सांगितलं नाही."