शेजारच्या पट्ट्यातला उंचवटा

ऑफिसात सगळे तिला मापारीण म्हणत. नव्या मोबाइलनं आपल्याला नेमून दिलेल्या लहरींच्या पट्ट्यातच बोलावं, शेजाऱ्याच्या पट्ट्यात लुडबुड करू नये, एवढंच बघायचं तिचं काम. त्यासाठी पत्र्यानं मढवलेली, आतून काळ्या फोमची एक खोली होती. दार लावलं की बाहेरच्या जगाची एकही लहर आत येत नसे. स्वतःचा फोन बाहेर ट्रेमध्ये ठेवायचा, हा कडक नियम. तिला तो कधी जड गेला नाही. तिला फोन करणार होतं तरी कोण?

आज मात्र तिनं तो नियम धाब्यावर बसवला. सकाळीच वहिनीचा फोन आला होता. "वन्सं, यांचं आज हृदयाचं ऑपरेशन आहे. आत नेण्याआधी ते स्वतः तुम्हाला फोन करणार आहेत. घ्याल ना?"

आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दादाशी शब्दाला शब्द वाढला होता. तेव्हापासूनचा अबोला. आधी कोणी बोलायचं, यावर गाडी अडली ती अडलीच. दोघं एकाच आईची, हट्टाला कोण कमी? जेवताना, झोपताना त्याची आठवण यायची, पण फोन काही तिच्या हातून लागला नाही.

"घेईन," ती म्हणाली. फोन पर्समध्ये लपवून तिनं आत नेला. पलीकडे साहेब बसत, म्हणून आवाज बंद. रेंज मिळावी म्हणून दार बोटभर उघडं. अधूनमधून बघू, असं तिनं ठरवलं.

पण एकदा काम हाती घेतलं की बाईला कसली शुद्ध! स्क्रीनवर नव्या मोबाइलच्या लहरींचं पठार छान सरळ उभं होतं, दोन्ही बाजूंना सपाटी. तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यात एक उंचवटा उठला, जरा थांबला आणि बसला. तिनं केबल घट्ट केली. तो पुन्हा उठला. तिनं चित्र सेव्ह करून 'नापास' असा शेरा मारला आणि केबलच बदलली. तिसऱ्यांदा उठला, तेव्हा तिची नजर दाराकडे गेली.

"अगं बाई, दार उघडंच की." इतकी वर्षं काम करून ही नवशिक्यासारखी चूक! तिनं दांडा दाबून दार घट्ट लावलं. उंचवटा क्षणभर रेंगाळला आणि गेला. खुशीत 'पास' लिहून, चष्मा पुसायला रुमाल हवा म्हणून तिनं पर्स उघडली.

फोनवर दादाचे तीन मिस्ड कॉल होते. वर रेंजची एकही दांडी नव्हती.

शेजारचा उंचवटा तिच्याच फोनचा होता. फोन येताच मोबाइल टॉवरला ओ देतो. ती ओ मापण्यात तिचा जन्म गेला होता. दादा तिच्या डोळ्यांसमोर हाका मारत होता, आणि तिनं उठून दार लावलं.

बाहेर धावत येऊन तिनं दादाला फोन लावला. फोन वहिनीनं घेतला.

"आत्ताच आत नेलं त्यांना. दोनदा उचलला नाहीत, तर म्हणाले, कामात असेल. तिसऱ्यांदा मध्येच कट झाला. मग फोन माझ्या हातात दिला."

"वहिनी, मी कापला नाही हो. मी दार लावलं."

"कसलं दार?"

ती पुन्हा खोलीत आली.

दार उघडं असताना घेतलेलं माप पुसायचं, हाही एक नियम होता. तिनं ते 'नापास' चित्र उघडलं. शेजारच्या पट्ट्यात दादा उभा होता. तिनं पुसलं नाही. दार सताड उघडून, फोन मांडीवर घेऊन ती त्याच्यासमोर बसून राहिली.