नुसते ओठ हलव

“तू नुसते ओठ हलव, बाळ. छान दिसतेस.”

गायनाच्या गुरुजींचा तो आवाज पिसासारखा मऊ होता. आता कानात पीस गेलं की जे होतं तेच झालं. हसूही येईना आणि स्वस्थही बसवेना. बाई तेव्हा दोन वेण्यांच्या होत्या, शाळेच्या वृंदगान मंडळात पुढच्या रांगेत उभ्या होत्या. गुरुजी वाकले, कानाशी बोलले, आणि पुन्हा पेटीवर जाऊन बसले, जणू काही झालंच नाही. वेण्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांनी ओठ हलवले, ते इतक्या निष्ठेनं की मंडळाच्या फोटोत सगळ्यात मोठं तोंड त्यांचंच आलं. पडजीभ दिसावी इतकं.

तो फोटो अजून मुख्याध्यापकांच्या खोलीत होता. बाईही अजून त्याच शाळेत होत्या. आता भूगोल शिकवत होत्या. पोरं त्यांना मागून ‘नकाशाबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडायचंही. निदान नकाशा तोंड मिटून असतो.

त्या शाळेत दर बुधवारी मधल्या सुट्टीनंतर वर्ग नसत, मंडळं असत. प्रत्येक पोराला कुठल्या तरी मंडळात जावंच लागे आणि प्रत्येक शिक्षकाच्या गळ्यात एक मंडळ पडे. बुद्धिबळ गणिताच्या सरांनी आधीच पटकावलं होतं, कारण तिथे डोळे मिटून बसलं तरी विचार चाललाय असं वाटतं. बागकाम खेळाच्या सरांकडे, नाटक इतिहासाच्या बाईंकडे. गुरुजी निवृत्त झाले आणि वृंदगान अनाथ झालं.

“ते तुमच्याकडे,” मुख्याध्यापक म्हणाले.

“सर, पण मला...”

“विनय पुरे, बाई. पुरावा भिंतीवर आहे.”

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या दोन वेण्यांनी आ वासून बाईंकडे पाहिलं. बोलायची वेळ होती तर हीच. बाईंनी तोंड उघडलं, आणि जुन्या सवयीनं नुसते ओठ हलवले.

“छान,” मुख्याध्यापक म्हणाले, आणि शिपायाला हाक मारून मोकळे झाले.

घरी आई मटार सोलत बसली होती. बाईंनी पायातून चपला काढता काढता, सहज सांगावं तसं सांगितलं.

“गाण्याचं मंडळ? तुला?” आईचा हात थांबला.

“का? मी होतेच की त्यात. फोटो नाही का?”

आईनं काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं. मग एक मटार त्यात टाकला आणि चावत बसली.

बुधवारी मंडळ भरलं. ‘भरलं’ हा शब्द उदार होता. बाकीच्या मंडळांनी पाखडून जे खाली टाकलं, ते इथे गोळा झालं होतं. नाटकातून काढलेला एक उंच मुलगा होता, त्याला सगळे ‘खांब’ म्हणत. पडदा पाडताना दर वेळी तो त्याच्याच डोक्यावर पडे. दोन जुळ्या बहिणी होत्या, बुद्धिबळात एकमेकींचे घोडे फेकून मारल्याबद्दल आलेल्या. त्यातल्या एकीला पेटी वाजवता येई, दुसरीला तिच्या चुका काढता येत. आपल्या पायांनी, आपल्या मर्जीनं आलेली एकच होती, शिंप्याची मुलगी. तिचं नाव पोरांनी ‘भोंगा’ ठेवलं होतं. ती वर्गात हजेरी द्यायची ती रस्त्यापलीकडच्या पोस्टातही लागायची.

बाईंना स्वर कळत नव्हते, पण चढ-उतार कळत होते. जन्म त्यातच गेला होता. त्यांनी नकाशाची लांब काठी आणली. काठी वर गेली की डोंगर, आडवी झाली की पठार, खाली आली की दरी. गाणं त्यांनी स्वतःच रचलं, लहानपणी आई कामं करता करता गुणगुणायची त्या चालीवर:

*घंटा वाजली वाजली, सुटे बुटाची गं नाडी,*
*गल्लीबोळातून धावे माझ्या श्वासाची गं गाडी.*

आणि ज्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, ते त्यांनी मन लावून शिकवलं. गाताना दिसायचं कसं. ओठ गोल. भुवया किंचित वर. लांब स्वराला मान जराशी कलती. खांब तर असा काही डोळे मिटायचा, की बघणाऱ्याला आपणच काहीतरी चुकवतोय असं वाटावं.

तरीही कुठेतरी बेसूर लागे. लागतंय एवढं बाईंना कळे, कोणाचं ते मात्र कळत नसे. मग त्या संशयानं रांगेतून फिरत, जे पोर जवळ येईल त्याच्या कानाशी वाकत आणि म्हणत, “तू जरा हळू म्हण हं, बाळ. छान दिसतोस.”

पहिल्यांदा ते बोलल्यावर बाई स्वतःच दचकल्या. तोंड आपलं, आवाज कोणाचा? पण गाणं लगेच सुधारलं. मग कसला दचका आणि कसलं काय. पुढच्या बुधवारी आणखी एक कान, त्याच्या पुढच्या बुधवारी आणखी. दर कानागणिक गाणं निवळत गेलं, तुरटी फिरवलेल्या पाण्यासारखं. बाईंना वाटू लागलं, आपण आयुष्य उगाच नद्या आणि पर्वतांत घालवलं.

एकदा मुख्याध्यापक व्हरांड्यात थबकले. “वा! सगळ्यांचा आवाज कसा एक झालाय!”

एकच झाला होता.

हे कळलं ते वार्षिक कार्यक्रमाच्या दुपारी. संध्याकाळी सभागृह भरणार होतं. आईनं तर सकाळपासून पहिल्या रांगेचा धोशा लावला होता. आणि भोंगा आली ती गळ्याला मफलर गुंडाळून. आदल्या दिवशी भावाच्या धावण्याच्या शर्यतीत ती अशी ओरडली होती, की भाऊ पहिला आला आणि आवाज बसला.

“काही हरकत नाही,” बाई म्हणाल्या. “एक जण नसला म्हणून काय झालं? चला.”

पेटी सुरू झाली. काठी वर गेली. सगळी तोंडं उघडली. काय उघडली! गोल, एकसारखी, भुवया किंचित वर. आणि खोलीत पेटीच्या भात्याचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला.

“अरे, म्हणा ना!”

“म्हणतोय की, बाई,” खांब डोळे न उघडताच बोलला.

“कुठे म्हणतोयस? मला का ऐकू येत नाही?”

“तुम्हीच म्हणालात, हळू म्हण.”

“ते तुला! बाकीच्यांना काय झालं?”

“मलापण म्हणालात.”

“मलापण, बाई.”

“मला तर दोनदा,” पेटीवरची बहीण म्हणाली.

“खोटारडी. मला दोनदा, तुला एकदाच,” दुसरी म्हणाली.

मफलरमधून घोगरा आवाज आला, “म्हणजे... इतके दिवस मी एकटीच ओरडत होते?”

बाई मटकन स्टुलावर बसल्या. गुरुजींनी बिचाऱ्यांनी एका मुलीला गप्प केलं होतं. शिष्येनं अख्खं मंडळ गिळलं होतं. या शाळेत आपण काय शिकलो, असं कोणी विचारलं असतं तर दाखवायला हे समोर उभं होतं, गोल तोंडांचं. आणि संध्याकाळी हेच मंचावर उभं राहणार. आवाज न काढता. पहिल्या रांगेत आई, तिच्या शेजारी मुख्याध्यापक, आणि त्यांच्या डोक्यात तो फोटो.

“बाई,” खांब म्हणाला, “एकदा तुम्हीच म्हणून दाखवा ना. तुम्ही तर फोटोतल्या.”

सगळे ‘हो हो’ करू लागले. बाईंनी काठीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. ‘माझा घसा’ असं म्हणता आलं असतं. पण तो बहाणा मफलर गुंडाळून समोरच बसला होता. ‘फोटोत मी नुसते ओठ’ इथपर्यंत वाक्य आलं आणि दातांपाशी अडलं. मग बाईंनी डोळे मिटले, आणि त्यापेक्षा सोपं होतं तेच केलं. गायल्या.

घंटा वाजली. म्हणजे वाजायला गेली आणि जिन्यावरून गडगडली. नाडी सुटली ती कुठल्या कुठे. श्वासाची गाडी रूळ सोडून शेजारच्या शेतात घुसली. कडवं एकदाचं संपलं.

“बाई,” खांब हळूच म्हणाला, “राग मानू नका हं. पण आम्ही याच्यापेक्षा बरे आहोत.”

आधी पेटीवरची हसली, मग दुसरी. मग भोंगा हसली, आवाज नसलेलं, खांदे गदगदणारं हसू. बाईंनाही आवरेना. त्या हसण्याच्या शेपटालाच धरून कोणीतरी पहिली ओळ उचलली, दुसऱ्यानं ती हिसकावली, आणि आतापर्यंत कानाकानांत कोंडलेले आवाज सुट्टी झाल्यासारखे बाहेर पडले. कोणी डोंगरावर, कोणी दरीत. एकाच वेळी पठारावर सगळे भेटले असं एकदाच झालं, पण झालं.

“पण तुम्हीही म्हणायचं, बाई,” पेटीवरून फर्मान आलं. “नुसतं तोंड हलवलंत तर आम्हीही नुसतं हलवू.”

संध्याकाळी बाई मंचाच्या कडेला काठी घेऊन उभ्या राहिल्या, आणि गायल्या. भोंग्याच्या जागेवर नुसता घोगरा वारा येत होता, पण तोही गाण्यात होता. मुख्याध्यापकांचा चेहरा आधी गोंधळला, मग त्यांनी चष्मा पुसला, जणू ऐकण्यातला दोष काचेत असावा. टाळ्या उशिरा पडल्या. लोकांना आधी खात्री करून घ्यायची होती, की संपलं आहे.

“बाई,” मुख्याध्यापक दारात म्हणाले, “आवाज काही एक झाला नाही या वेळी.”

“नाही सर. सगळ्यांचे होते ना.”

घरी जाताना आईनं बाईंचा दंड धरला होता. रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते.

“सांगून टाक एकदा,” बाई म्हणाल्या. “तुला कुठे तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी.”

“मला नाही काही झालं तोंड दाखवायला.” आई चालत राहिली. औषधांचं दुकान गेलं, सायकलवाल्याचं गेलं. मग ती थांबली.

“तेव्हाही मी पहिल्या रांगेत होते. फोटो काढला त्या दिवशी. सगळी मुलं गात होती आणि मी शोधत होते. तुझा आवाज नव्हता गं त्यात. आईला कळणार नाही होय? घरी येताना विचारणार होते. पण तू इतकी खुशीत उड्या मारत चालली होतीस, की मीही गप्प बसले. मग गप्पच बसून राहिले.”



“आज ऐकू आलीस,” आई म्हणाली, आणि दंड जरा घट्ट धरला. “बेसूर आहेस तू, फार बेसूर. गुरुजींनी तुला गप्प केलं असेल, तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मी ऐकलं. मागं बसलेल्यांना वळून सांगितलंसुद्धा, ती वाकडी ओळ ओढतेय ना, ती माझी.”