तेविसांची विहीर

कुशाबा गुरुजींना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण मुलांना काही शिकवल्याशिवाय त्यांचा रविवार उजाडत नसे. ओतूरच्या अलीकडे त्यांची वस्ती. तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात सकाळी आठ-दहा मुलं जमत आणि पुस्तकात नसलेलं काहीतरी गुरुजी त्यांच्यापुढे ठेवत.

त्या रविवारी चंपाषष्ठी होती. दुपारी सामाईक विहिरीवर बेलभंडार उचलून वर्षाच्या पाणीकराराची शपथ घ्यायची होती, म्हणून गुरुजींनी विषयही कराराचाच घेतला.

"समजा, नुसतं माळरान आहे. सरपंच नाही, तलाठी नाही, पोलीस नाही. फक्त माणसं. काय होईल?"

"मारामाऱ्या!" शौर्य ओरडला.

"आन् पैला मार शौर्यच खाईल," श्रेया म्हणाली.

हसणं ओसरेपर्यंत गुरुजी थांबले. "खरंय. मग मारामाऱ्या करून माणसं दमतात. एकत्र बसतात. मी तुझा बांध कोरणार नाही, तू माझा कोरू नको, अशी बोली करतात. त्या बोलीतून गाव उभं राहतं. कुणी वरून लादलेलं नाही, सगळ्यांनी मिळून केलेलं. आता त्या माळावर तुम्हीच आहात आणि विहीर एकच आहे. जा, करार लिहून आणा."

मुलं वर्गात पळाली. गुरुजी चष्मा पुसत बाहेर बसले. आतला गलका ऐकून त्यांना बरं वाटत होतं. भांडून का होईना, ठरवतायत.

अर्ध्या तासाने श्रेयाने कागद आणून दिला. अक्षर मोत्यासारखं. 'आम्ही समस्त गावकरी स्वखुशीने ठरवतो की,' ही पहिली ओळ वाचून गुरुजी खुलले. पुढे मात्र त्यांचं बोट अडखळलं. पाण्याची पाळी मुलग्यांच्या नावे राहील. मुली पाणी भरतील. विहीर भागू खणेल. भागूने पाटावरचं पाणी प्यावं, विहिरीवर हक्क सांगू नये. खाली तीन सह्या होत्या, समर्थ, स्वराज आणि शौर्य.

"पाच मुली आहात तुम्ही. एकीचीही सही नाही?"

"आमची कशाला?" श्रेयालाच प्रश्नाचं नवल वाटलं. "बायांची कुटं असती?"

भागू ठाकर आदिवासींच्या वस्तीवरून, ठाकरवाडीवरून यायची, डोंगराच्या कुशीतून दीड मैल चालत. ती खांबाला टेकून उभी होती. "भागू, तू याला हो म्हणालीस?"

"मला न्हाई इचारलं," भागू सहज म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच गुरुजींना जास्त लागलं. "पर खणनार आमीच की, गुरुजी. ती इहीर बी माज्या आज्यानंच खणलीया."

गुरुजींचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा मुलांवर चढला. "कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी समर्थ चाचरत म्हणाला, "तुमीच की, गुरुजी. दर वर्षाला भंडार उचलताना तुमी वाचता ना? आमाला पाठ हाय ते."

गुरुजींनी वर्ग सोडला आणि तडक घरी येऊन ट्रंकेतला करारनामा काढला. तीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः लिहिलेला. तेव्हा सगळ्या वस्तीने त्यांची पाठ थोपटली होती. ज्याला त्याला ते सांगत आले होते, आमच्या विहिरीवर कधी डोकं फुटलं नाही, कारण आमचा करार सगळ्यांचा आहे.

आता ते पहिल्यांदाच वाचत असल्यासारखे वाचू लागले. 'समस्त गावकरी' आणि खाली तेवीस सह्या. तेवीसही पुरुष, तेवीसही जमीनवाले. विहीर खणणाऱ्या ठाकरांना प्यायला पाणी पाटावर भरता येईल, हक्क सांगता येणार नाही. ज्या घरी कर्ता पुरुष नाही, त्या घरची पाळी जवळच्या भाऊबंदाकडे राहील.

त्या ओळीवर ते थिजले. चुलतभाऊ वारला त्याला नऊ वर्षं झाली होती. त्याची सोमवारची पाळी तेव्हापासून गुरुजींकडे होती. त्याची बायको गोजरबाई दर आठवड्याला अंगणात येऊन उभी राहायची. 'भावजी, घटकाभर पाणी सोडता का?' गुरुजींनी तिला एकदाही नाही म्हटलं नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. स्वतःच्याच नवऱ्याच्या पाळीचं पाणी ती नऊ वर्षं मागून घेत होती, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दुपारी विहिरीवर सगळे जमले. बायका नेहमीप्रमाणे लांब, मोटारीच्या खोलीपलीकडे उभ्या होत्या. गुरुजींनी करारनामा खिशातच ठेवला आणि मुलांचा कागद वाचला, एकेक शब्द सावकाश. ऐकणाऱ्यांनाही आपल्यासारखाच धक्का बसेल, अशी त्यांची खात्री होती.

"पोरं लई हुशार काढलीत राव!" सगळ्यांत वडीलधारे धर्माजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "समदं बराब्बर लिव्हलंय."

"मान्य! मान्य!" माणसं हसत म्हणाली.

गुरुजी एकेक चेहरा न्याहाळत राहिले. कुणालाच काही बोचलं नव्हतं. भंडाऱ्याचं ताट फिरू लागलं. एकेक जण हळदीवरचं बेलाचं पान उचलून कपाळाला लावत होता. रिवाज असा, की तेवीसच्या तेवीस पाळ्यांसाठी हात लागल्याशिवाय वर्षाचा करार उभा राहत नाही आणि मोटारीचं बटण दाबायचं नाही. ताट गुरुजींपुढे आलं. त्यांनी हात मागे घेतले.

"मी उचलणार नाही."

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग धर्माजींचा चेहरा उतरला. "गुरुजी, चेष्टा बास. मोटार बंद ऱ्हाईल. तुमचाबी कांदा जळंल."

"जळू दे. हा करार सगळ्यांचा नाही. ठाकरवाडी यात नाही, गोजरबाई यात नाही. तोवर माझा हात यात नाही."

"तुमीच लिव्हला की!"

"मीच लिहिला."

तेवढ्यात बायकांमधून गोजरबाई तरातरा पुढे आली. गुरुजींना वाटलं, हिचे डोळे भरले असतील. पण ती संतापली होती.

"भावजी, परवा कांद्याचं रोप लावलंय म्या. उद्या आंबवणीचं, दुसरं पानी न्हाई मिळालं तर वाफंच्या वाफं बसतील. तुमी मोटार बंद केली. मला इचारलं?"

तिने ताटाकडे बोट दाखवलं.

"करार लिव्हला तवा इचारलं न्हाई. आज मोडला, तवाबी न्हाई. माज्या नावानं मोडला, आन् मी हितंच हुभी व्हते, पंधरा पावलांवर!"

गुरुजींना सकाळपासूनचा सगळ्यांत मोठा धक्का हाच होता. मुलांना शिकवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि साधं विचारणं त्यांना आजही सुचलं नव्हतं.

"चुकलो," ते म्हणाले. "आता विचारतो. काय करायचं?"

गोजरबाईने पदर खोचला आणि धर्माजींच्या शेजारी, भंडाऱ्याच्या ताटापुढे बसकण मारली. त्या जागी कुणी बाई बसलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. धर्माजी नकळत सरकले.

"आजची मोटार चालू करा, कराराबिगर. पिकाचा काय गुन्हा? आन् शौर्याला सायकलवर ठाकरवाडीला धाडा, भागूच्या आईला घिऊन यायला. माजं मी सांगन. त्यांचं त्याच सांगतील."

"आन् आमी न्हाई म्हनलो तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर म्हना न्हाई," गोजरबाई म्हणाली. "पर माज्या तोंडावर म्हना."

धर्माजी उठले आणि बटण दाबायला मोटारीच्या खोलीकडे चालू लागले.