गळालेले चोपन्न

"आइलीबाई, तुमच्या गोदीतली माणसं तर घोड्यासारखी दमदार निघाली!" विद्यापीठातून आलेला ओस्सी संगणकाकडं बघत हसला.

आइलीनं कॉफीचा कप खाली आदळला. तीस वर्षं ती गोदीच्या दवाखान्यात कारकून होती. जहाजं बांधणाऱ्यांनी दरवर्षी नळीत फुंकायचं आणि छातीतून किती लिटर हवा निघते ते तिनं तक्त्यात भरायचं. तोच तक्ता ओस्सीनं सकाळी आपल्या सांख्यिकीच्या प्रोग्रॅममध्ये घातला होता. दुपारी दोनला मालक आणि युनियनसमोर निकाल: अॅस्बेस्टॉसच्या धुळीनं फुप्फुसं खाल्ली की नाही.

"घोडे? माझा नवरा रेइनो शेवटी एक जिना चढायला तीनदा बसायचा. किती जण मोजलेस?"

"पाचशे अठ्ठावन्न."

"तक्त्यात सहाशे बारा आहेत."

"चोपन्न रिकामे आलेत. होतं असं, बाई."

"रिकामे कसे? मी माझ्या हातानं भरलेत. उघड तो तक्ता."

त्यानं उघडला. एका चौकटीत १.९, आणि त्याला चिकटून एक क्रूस. खाली आणखी एक.

"हे काय?"

"माणूस गेला की क्रूस. चर्चच्या वहीत काढत नाहीत का? तसाच."

ओस्सीचं हसू विझलं. "आकड्याच्या घरात असं चिन्ह आलं की प्रोग्रॅमला तो आकडाच वाटत नाही. रिकामं धरून पुढं जातो."

म्हणजे मेले तेवढेच गळाले. उरले ते धडधाकट. मालकानं दहा वकील लावले असते तरी इतकी सफाई जमली नसती. आइलीनं ती फुकटात करून दिली होती, वर हात जोडून.

"मीच केलं हे," ती म्हणाली.

"मी तपासायला हवं होतं. थांबा, एका झटक्यात सगळे क्रूस पुसतो. मृत्यूचा रकाना वेगळा करू. गेला असेल तर एक, नसेल तर शून्य."

"झटक्यात नको. सरक तिकडं."

"अहो, दोनला बैठक आहे!"

"चोपन्नच आहेत. प्रत्येकाच्या मातीला गेलेय मी."

तो उठला. ती नाव वाचायची, क्रूस पुसायची, शेजारी एक लिहायची. रेइनोच्या ओळीवर बोट थांबलं. ओस्सीनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

तिनं कळ दाबली. १.९ एकटाच उरला. शेजारच्या रकान्यात तिनं एक लिहिला आणि खालचं नाव वाचलं.