गुलाबी दगडाची खोली

"अकरा म्हणजे काय, नॉर्मन? ताप मोजलास का खोलीचा?" रसेल हसत म्हणाला. त्याला हसायला काय जातंय! त्याच्या तळघरातल्या नव्या खोलीत किती रेडॉन साठलाय, तो आकडा मी नुकताच त्याला सांगितला होता.

"चारच्या वर गेला की उपाय करा म्हणतात," मी म्हणालो. "तीन वर्षांपूर्वी याच तळघरात मी मोजला होता, तेव्हा दोन होता. मधे तू काय केलंस ते तुला माहीत."

ते सगळ्या बॅरी गावाला माहीत होतं. आमचं गाव करड्या ग्रॅनाइटवर जगलं, आमच्या बापांनी त्यातून थडगी कोरली. रसेल कोमोलीला मात्र तो दगड गरिबाघरचा वाटायचा. तो स्वयंपाकाच्या ओट्यांसाठी परदेशी गुलाबी दगड विकायचा. उरलेल्या लाद्या त्याने आपल्या चार वर्षांच्या मुलीच्या, पेजच्या, खोलीला लावल्या, जमिनीला आणि चारी भिंतींना. शिवाय ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी रबराच्या पट्टीने गच्च बंद. बावीस वर्षं मी घरोघरी हा वायू मोजतोय. तो दिसत नाही, वास येत नाही, फुप्फुसं मात्र खातो. बहुतेक घरांत तो खालच्या मातीतून येतो, त्यामुळे दगडाला मी उगाच बोल लावत नाही. पण इथे भिंतीतल्या काळ्या शिरांजवळ किरणोत्सर्ग मोजायचं दुसरं यंत्र नेलं की ते किरकिरायला लागायचं.

रसेलच्या बायकोने, ट्रेसीने, पेजला उचलून छातीशी धरलं. "आजच्या आज उखड तो दगड!"

"उखड काय? गिऱ्हाइकं बघायला येतात ती खोली. करतो काहीतरी."

मला दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा त्याने सहज विचारलं, "रोग व्हायला किती वर्षं लागतात रे?"

"वीस, पंचवीस. कधी जास्तही," मी सरळ मनाने सांगून टाकलं.

अजून महिनाभर मोजावं म्हणून मी रेडॉनचं यंत्र तिथेच ठेवलं होतं. ते आणायला गेलो तेव्हा रसेल जिन्यातच भेटला. खालच्या उघड्या दारातून गुलाबी भिंती जशाच्या तशा दिसत होत्या. पेजचा छोटा पलंग मात्र नव्हता. तिथे लोखंडी खाट होती आणि उशाशी त्याच्या आईची जपमाळ.

"पेज वर, आई खाली," रसेल म्हणाला. "सोपं होतं की! तूच म्हणालास ना, वीस-पंचवीस वर्षं? आईला त्र्याऐंशी चालू आहे."

एवढं बोलून त्याने मला कॉफी विचारली. मला शिसारी आली. "जनाची नाही तर मनाची तरी ठेव रे," मी म्हणालो. ट्रेसी वर बेसिनपाशी पाठमोरी उभी होती, एकच पेला पुन्हा पुन्हा धूत. आणि मी तरी कोण मोठा साव? वर्षांचा हिशेब मीच त्याच्या हातात दिला होता.

खाली गेलो तर रसेलची आई, एर्सिलियाकाकू, ओली चादर पिळत होत्या. कपाटापासून पडद्याच्या दांडीपर्यंत दोरी बांधून त्यांनी एक चादर आधीच भिंतीपुढे टांगली होती.

"पेज सांगत होती, दगडातून काहीतरी येतं म्हणून," त्या म्हणाल्या. काकूंचे यजमान, आल्डो, थडग्यांवर गुलाब कोरायचे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दगडाच्या धुळीने गेले. "आल्डोला मी मागच्या दारीच कपडे काढायला लावायची. आणि रसेलच्या पाळण्याभोवती अशी ओली चादर. संध्याकाळपर्यंत करडी व्हायची बघ. पोराच्या नाकात कण जाऊ दिला नाही. याने अडतं ना रे, नॉर्मन?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही काकू. ही धूळ नाही. हवाच आहे ही, चादरीतून आरपार जाते."

त्यांनी हातातली चादर खाटेवर ठेवली.

"रसेलला ठाऊक आहे?"

"आहे."

वर पेज धावत होती, तिची पावलं छतावर वाजत होती. काकू ती ऐकत खाटेवर बसल्या.

"मग तू मला सांगितलंस, हे त्याला कळू देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "लाज वाटेल त्याला."

त्याला लाज वाटेल असं मला वाटत नव्हतं. पेचकस काढून खिडकीची रबरी पट्टी उचकटली, खिशात घातली आणि खिडकी उघडली. बाहेर बर्फ होतं. गार वारा आत आला तशी टांगलेली चादर हलायला लागली.

काकूंनी कोट चढवला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. मग उठून दुसरी चादरही रसेलला दिसेल अशी दोरीवर घातली आणि नीट ओढून सरळ केली.