बोटभर जास्त

माझ्या भाचीला आम्ही घरात खुडबुडी म्हणतो. आता ती कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण हे नाव तिला वयाच्या चौथ्या वर्षीच पडलं, तिने घरातला चालता रेडिओ उघडून बंद पाडला तेव्हा. कॉलेजने सांगितलेलं ती निमूटपणे करते, पण जीव अडकलेला असतो स्वतःच्या उद्योगांत. दूध वर यायला लागलं की आवाजावरून ओळखून फोन वाजवणारा एक प्रोग्राम तिने लिहिला. पहिल्या दिवशी तो माझ्या दादाच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, शिंकेला वाजला आणि दुधाच्या वेळी गप्प बसला. वहिनी ओटा पुसता पुसता म्हणाली, "शिंक ओट्यावर सांडत नाही गं, दूध सांडतं. एवढं शिकव त्याला." कार्टीने अजिबात मनाला लावून घेतलं नाही. तीन आठवडे रोज दूध तापवायला तीच उभी. आता तो प्रोग्राम दुधालाच वाजतो आणि वहिनी शेजारणींना बोलावून दाखवते. भांडी घासायची पाळी कोणाची हे ठरवणारा आणखी एक प्रोग्राम होता. त्याने लागोपाठ तीनदा तिचंच नाव काढलं. तिने तिन्ही वेळा भांडी घासली आणि मग बसून प्रोग्राममधली चूक शोधली. मी असते तर आधी चूक शोधली असती आणि भांडी तशीच ठेवली असती.

मी तिची आत्या. लग्न केलं नाही, दादा-वहिनीकडे राहते आणि एकतीस वर्षं एका कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला आहे. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तो येणारच आहे.

कटिंगच्या खोलीत आम्ही पाच जणी. टेबलावर कापड पसरायचं, त्यावर बाहीचे, पाठीचे, गळ्याचे पुठ्ठ्याचे खाके ठेवायचे, खडूने आखायचं आणि कापायचं. मागच्या वर्षाच्या शेवटी त्या खोलीत कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं यंत्र आलं. खाक्याचा फोटो पडद्यावर येतो, त्याच्या कडेकडेने माऊसने ठिपके देत जायचं, ठिपके जोडून आकार झाला की यंत्राची पाती आपली आपण कापते. मालकीण मॅडमनी सरळ सांगितलं, "सहा आठवड्यांनी परीक्षा घेईन. जिला जमेल ती कटिंगला राहील, नाही जमलं तर खाली पॅकिंगला." पॅकिंग म्हणजे तळमजल्यावर दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावणं. वाईट काम नाही. पण एकतीस वर्षं मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथला, गोल न चुकता कापलेल्या बाईने चिकटपट्टी लावायची, या विचारानेच मी चिडायला लागले.

यंत्राच्या कंपनीचा माणूस एक दिवस शिकवायला आला. तो बोलायचा एक, हात करायचा दुसरं, आणि आम्ही बघेपर्यंत पडद्यावर तिसरंच काहीतरी असायचं. "सोपं आहे, लहान मुलालाही येईल," असं तो चारदा म्हणाला. मी घरी येऊन भांड्यांवर राग काढला. खुडबुडी ऐकत होती. तिच्या कॉलेजमध्ये त्या सत्रात प्रत्येकाला कोणाला तरी काहीतरी शिकवायचं होतं आणि त्याचा अहवाल द्यायचा होता. बाकीची मुलं शाळांमध्ये गेली. ही म्हणाली, "आत्या, मी तुमच्या कारखान्यात येते."

मॅडमनी रोज दुपारचा एक तास आणि सरावाला ऑफिसातले कॉम्प्युटर दिले. पहिल्या दिवशी खरं सांगायचं तर खुडबुडीनेही पार माती खाल्ली. फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले, छान बोलली. आम्ही पाच जणी माऊसच्या वर बोट धरून पुतळ्यासारख्या बसलो होतो. कोणी दाबेचना. "दाबा ना," ती म्हणायची आणि आम्ही एकमेकींकडे बघायचो. मोठीबाई, आमच्यातली सगळ्यात जुनी, तासभर बोट वर धरून बसली आणि शेवटी म्हणाली, "पोरी, मनगट भरून आलं."

दुसऱ्या दिवशी पोरीने एकही कॉम्प्युटर लावला नाही. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मला एक बाही कापू दे." मी तिला एक उरलेला तुकडा दिला. तिने आखलं ठीक, पण कात्री चालवताना वळणावर घसरली आणि खांदा आत गेला.

"आता?" तिने विचारलं.

"आता काही नाही. गेलं ते कापड."

"परत जोडता येत नाही?"

"जोडलेली बाही तू घालशील का?"

तिने तो तुकडा खाली ठेवला. मग आमच्या पाच जणींच्या हातांकडे बघितलं. "म्हणून तुम्ही दाबत नाही," ती म्हणाली. "तुमच्या कामात एकदा केलं की केलं."

हे मला कोणी आजवर सांगितलं नव्हतं, आणि मलाही कळलं नव्हतं. मी समजत होते की आम्ही ढ आहोत.

चार दिवसांनी ती स्वतः लिहिलेला एक सरावाचा प्रोग्राम घेऊन आली. कंपनीच्या प्रोग्राममध्ये शंभर खुणा होत्या, हिच्यात फक्त खाका, ठिपके आणि एक भलंमोठं बटण. त्यावर लिहिलं होतं, 'मागे'. ते दाबलं की शेवटचा ठिपका जायचा, पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा, असं अगदी सुरुवातीपर्यंत. "आज कोणी बरोबर करायचं नाही," तिने जाहीर केलं. "जी सगळ्यात वाईट बाही करेल ती जिंकली." घाईबाई, जिला आम्ही हे नाव तिच्या स्वभावावरून दिलंय, तिने पाच मिनिटांत अशी बाही केली की त्यात हात घातला तर कोपर मानेला लागावं. आम्ही पोट धरून हसलो. मग सगळ्यांनी 'मागे', 'मागे' करत आपापल्या बाह्या पुसल्या. त्या दिवसानंतर कोणाचं बोट अडलं नाही.

पाच आठवडे ती रोज आली. स्वतःची परीक्षा जवळ आली होती, तरी आली. आमच्या माऊसला तिने एकदाही हात लावला नाही. मागे उभी राहायची आणि विचारायची, "आता काय दिसतंय?" मला चिडायला व्हायचं. "तूच दाखव ना एकदा करून!" मी ओरडले की ती म्हणायची, "मला येतं गं आत्या. तुला यायला हवंय." शेवटच्या आठवड्यात कंपनीच्या खऱ्या प्रोग्रामवर बसवलं, पण फक्त पडद्यावर. कापड वाया जायला नको म्हणून परीक्षेआधी यंत्राची पाती चालवायची नाही, असा मॅडमचा हुकूम होता.

परीक्षेला मॅडम होत्या, कंपनीचा माणूस होता, आणि खुडबुडी मागे भिंतीशी स्टुलावर. आधी मोठीबाई बसली. शांतपणे ठिपके दिले, आकार जोडला, पाती फिरली. मग घाईबाई. दोघींचे तुकडे मॅडमनी पुठ्ठ्याच्या खाक्यावर ठेवले. दोन्ही मोठे. शिवणीसाठी कडेने जे जास्तीचं कापड सोडतात, ज्याला आम्ही माया म्हणतो, ती धरूनसुद्धा मोठे.

मॅडमचा चेहरा पडला. त्या वाईट बाई नाहीत, त्यांनाही आम्हाला खाली पाठवायचं नव्हतं. कंपनीचा माणूस मात्र लगेच म्हणाला, "वयाचा प्रश्न आहे मॅडम. माऊसवर हात स्थिर राहत नाही. मी आधीच बोललो होतो."

माझ्या टाळक्यात असा राग गेला की समोरचा पुठ्ठा मी त्याच्यावर फेकलाच असता.

"उरलेल्या तिघींचं बघायची गरज आहे का?" मॅडमनी विचारलं. त्या आम्हाला नव्हत्या विचारत.

खुडबुडी उठली. "मला टेप मिळेल का?" तिने दोन्ही तुकडे पसरले आणि मापायला लागली. खांद्याला, काखेत, मुंढ्याच्या वळणावर, खाली. मापत गेली आणि तिचे कान लाल होत गेले. मग वळून म्हणाली, "मॅडम, हात हलला असता तर एखाद्या ठिकाणी आत गेला असता, एखाद्या ठिकाणी बाहेर. दोघींचे वेगवेगळे चुकले असते. हे दोन्ही तुकडे सगळीकडून सारखेच मोठे आहेत. बोटभर. वळणावरसुद्धा." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "आत्या, तुम्ही कापता ते खडूच्या रेषेवर, की रेषेच्या बाहेर?"

"बाहेर. बोटभर. माया नको सोडायला?"

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठे विचारलंस? मी श्वास घेते तेही तुला सांगत नाही."

"मग माऊसनेसुद्धा तुम्ही माया सोडूनच ठिपके देता."

आम्ही पाच जणी एकमेकींकडे बघायला लागलो. देत होतो. हातच तसे जात होते.

"पण यंत्र आपोआप माया सोडतं," कंपनीचा माणूस म्हणाला. "पुस्तिकेत लिहिलंय."

"लिहिलंय, आणि मी ते वाचलंही होतं," खुडबुडी म्हणाली. "म्हणजे माया दोनदा सुटली. मॅडम, या दोघी चुकलेल्या नाहीत. मी चुकले. दोनदा. सरावाच्या प्रोग्राममध्ये मी माया घेतलीच नाही, ही पहिली चूक. आणि दुसरी..." तिने टेप खाली ठेवली. "यांचे ठिपके कडेच्या बाहेर पडतात, हे मला पाच आठवडे दिसत होतं. मला वाटलं, माऊसवर हात अजून कच्चा आहे, होईल हळूहळू. मी यांचा हात कच्चा समजले. तो हात इतका पक्का आहे की डोळ्यांनी सोडलेली माया टेपने मापली तर सगळीकडे सारखी भरते. हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

एकवीस वर्षांची पोर. मॅडमसमोर, त्या कंपनीच्या टिकोजीरावासमोर, आम्हा पाच जणींसमोर, ज्या कामाचा अहवाल तिला कॉलेजात द्यायचा होता त्याच कामातली चूक ती मोठ्याने सांगत होती, आणि आवाज खाली नव्हता. मला माणसांचं कौतुक सहजासहजी वाटत नाही. त्या क्षणी तिचं मात्र वाटलं.

मॅडमनी स्वतः टेप घेतली आणि पुन्हा सगळं मापलं. जुन्या कटिंगचे, आमच्या हातचे दोन तुकडे कपाटातून काढून तेही मापले. मग म्हणाल्या, "उरलेल्या तिघी बसू देत. आणि या दोघी परत."

माझी पाळी होती. खुडबुडीने विचारलं, "आत्या, यंत्राची माया शून्य करू? की तू रेषेवर ठिपके देशील?"

"रेषेवर देते," मी म्हणाले. तिच्यापुढे मलाही काहीतरी करून दाखवायचं होतं.

पहिलाच ठिपका बोटभर बाहेर. मागे. दुसरा बाहेर. मागे. स्वतःच्याच हाताला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते. मॅडम बघत होत्या, तो माणूस घड्याळ बघत होता. मी अकरा वेळा मागे आले. बाराव्यांदा ठिपका रेषेवर पडला आणि त्यानंतर सगळे तिथेच पडत गेले. पाती फिरली. मॅडमनी तुकडा खाक्यावर ठेवला, कडेने बोट फिरवलं आणि नुसती मान डोलावली. मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला नाही.

मोठीबाई परत बसली तेव्हा म्हणाली, "माझं ते शून्य कर गं. या वयात मी हाताशी भांडत नाही." तिचाही तुकडा चोख आला. संध्याकाळपर्यंत आम्ही पाचही जणी कटिंगलाच होतो.

निघताना मॅडमनी खुडबुडीला थांबवलं. त्यांच्या दुसऱ्या कारखान्यातल्या सात जणी सोमवारपासून शिकायला येणार होत्या. "तू घेशील का?"

"नाही. आत्या घेईल."

"डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हणाले.

"मला कापड कळत नाही, हे आज सगळ्यांनी बघितलं. तिला आता दोन्ही कळतं," ती मॅडमना म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

मॅडम माझ्याकडे वळल्या. एकतीस वर्षांत त्यांनी मला 'हे करा', 'ते करा' खूपदा म्हटलं होतं. "घ्याल का?" असं त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

सोमवारी सात जणी येऊन बसल्या. सातही बोटं माऊसच्या वर अधांतरी. मी बोलायला तोंड उघडलं, आदल्या दिवशी घोकलेलं सगळं पाठ होतं. मग तोंड मिटलं. पडदे बंद केले, टेबलावर कापड पसरलं, पुठ्ठ्याचा खाका ठेवला आणि पहिलीच्या हातात खडू आणि कात्री दिली.

"आधी तुम्ही कशा कापता ते मला दाखवा," मी म्हणाले. "सावकाश. मला माहीत आहे असं समजू नका."